शांतता! कातरकाम चालू आहे

सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीवर दोन पाट्या हमखास असतात. एक ‘शांतता राखा’ आणि दुसरी ‘पुस्तकांची पाने दुमडू नयेत, त्यांवर खुणा करू नयेत’. मे महिना लागला की याच पाट्यांखाली चाळीस-पन्नास पोरं कात्र्या घेऊन बसतात आणि त्यांना सांगितलं जातं, की बाळांनो, कागद दुमडा, कापा, रंगवा, आणि लाजू नका, मोठ्याने बोला. ज्या ग्रंथपालाने पंचवीस वर्षं पान दुमडणाऱ्या वाचकाकडे खुनशी नजरेने पाहिलं, त्याच्याच टेबलावर आता पान दुमडून बेडूक होत असतो. बेडकाच्या पाठीवर बोट दाबलं की तो उडी मारतो तो थेट देवघेवीच्या रजिस्टरवर. ग्रंथपालाचा चेहरा अशा वेळी मुलीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या बापासारखा असतो. पानात येईल ते गोड मानायचं आणि वाढणाऱ्याला नको म्हणायचं नाही.

त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. वाचनालयातली शांतता एका दिवसात जमलेली नाही. सुरतेची अँड्र्यूज लायब्ररी १८५० सालची, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. एवढ्या वर्षांत कपाटांना कुलपं आली, पुस्तकांना खाकी कव्हरं आली, पंख्याला ठरावीक लयीत कुरकुरायची सवय लागली. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले, त्यातला पहिलाच नियम पुस्तक वापरायचं असतं असा केला. पुष्कळ ग्रंथपालांनी तो पाठ केला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पांडेसऱ्यात मात्र या गोष्टीची सुरुवात वेगळ्याच टोकाने होते.

सुरत स्टेशनातून दक्षिणेला निघालं की उधना, आणि उधन्याला खेटून पांडेसरा. इथल्या जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत कोरं कापड, ज्याला सगळे ‘ग्रे’ म्हणतात, ताक्याताक्याने मिलमध्ये शिरतं आणि गुलाबी, पोपटी, राणी रंगाची साडी होऊन बाहेर पडतं. आसपासच्या गल्ल्यांतून लूमची खडखड. कामाला माणसं खानदेशातली, ओडिशाच्या गंजामची, उत्तर प्रदेश-बिहारची. लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या. म्हणजे दुपारी दोन वाजता, सुटीतलं पोर जेव्हा सगळ्यात जोशात असतं, नेमका तेव्हाच बाप रात्रपाळी करून आडवा झालेला असतो. खोली एकच. मधे दोरीवर टाकलेला साडीचा पडदा. पडद्याअलीकडे आई ओठांवर बोट ठेवून डोळे वटारते. थोडक्यात, ‘शांतता राखा’ ही पाटी पांडेसऱ्यात घरात लागते, आणि पोराला आवाज करायला वाचनालयात पाठवावं लागतं.

म्हणूनच अशा शिबिराची नावनोंदणी करायला आलेली आई, तुम्ही काय शिकवणार, हे विचारतच नाही. शिकवणाऱ्या ताईंनी ओरिगामी, कोलाज, ठसेकाम, मातीकाम अशी यादी तयार ठेवलेली असते. आईचा प्रश्न एकच. किती वाजता सोडणार? पाच वाजता म्हटलं की ती विचारते, सहा नाही होणार?

गुजरातेतली उन्हाळी सुटी साधारण ३५ दिवसांची. त्यात शिबिर बसवायचं तर मुलांची यादी आणि रेल्वेचं वेळापत्रक शेजारी-शेजारी मांडावं लागतं. कारण पाटील, महाजन, कोळी, बडगुजर, सोनवणे ही मंडळी पहिल्या दिवशी उत्साहाने येतात, दुसऱ्या दिवशी अर्धा मोर रंगवतात आणि तिसऱ्या दिवशी उधन्याहून गाडीत बसतात. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. मोर मागे वाचनालयात एका पायावर उभा. तिकडे पोर वाटेत नवापूरच्या फलाटावर उतरून पाणी भरतं. हे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध बसलं की माणूस एकाच वेळी दोन राज्यांत बसलेला असतो. बाहेरचे लोक तिथे फोटो काढतात. पांडेसऱ्यातल्या खानदेशी पोरांना त्याचं काही नवल वाटत नाही, ती वर्षभर तशीच बसलेली असतात.

मुलांना ग्रंथालयात हातपाय हलवू द्यावेत, ही कल्पना परदेशातून आली असं समजून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. इंग्लंडात १९९९ पासून उन्हाळ्यात मुलांना सहा पुस्तकं वाचायला लावून चिकटचित्रं वाटतात, हे खरं. पण या मुलखात ही गोष्ट कितीतरी जुनी. मालेगावजवळच्या कवळाण्याचं एक शेतकऱ्याचं पोर १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलं आणि सयाजीराव झालं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी करायला सांगितलं. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग वेगळा झाला. मोर अर्धा टाकून गावी निघालेल्या पोरांच्या गाडीला वाटेत लागणारं व्यारा हे त्याच बडोदा संस्थानातलं.

पुढे १९२० मध्ये भावनगरात गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं. या गृहस्थांना भरघोस मिशा होत्या आणि मुलांवर आईसारखी माया, म्हणून लोक त्यांना ‘मुछाळी मा’ म्हणायचे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. सुरतेहून मुंबईकडे जाताना गुजरातची हद्द ओलांडली की लागतं ते बोर्डी. माँटेसरीबाईंची लाकडी साधनं महाग, गावातली मुलं गरीब. तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी काय केलं, तर शंख, शिंपले, बिया, पानं, खडे गोळा केले आणि त्यांवरच मोजणी, रंग, आकार शिकवले. समुद्र शिंपल्यांचे पैसे मागत नव्हता.

पांडेसऱ्यात समुद्र नाही, आणि जे आहे त्याचे सगळे पैसे मागतात. इथेच ताईंची पहिली फजिती होते.

महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या कुठल्याही मराठी शिबिरात एक मंत्र म्हटल्याशिवाय कात्री हलत नाही. तो मंत्र म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’. ताई फळ्यावर लिहितात, ‘उद्या येताना घरातली टाकाऊ वस्तू आणणे’. दुसऱ्या दिवशी पोरं रिकाम्या हाताने येतात. विसरली म्हणावं तर तसंही नाही, त्यांनी घरी विचारलेलं असतं. प्लॅस्टिकची बाटली? ती पाणी भरायला लागते आणि फुटली की भंगारवाल्याकडे जाते. पुठ्ठा? किलोवर जातो. वर्तमानपत्र? शेजारच्याचं वाचून परत केलं. सुताचा कोन? मोजून द्यावा लागतो. चिंधी? चिंधीचा तर व्यापारीच वेगळा आहे, त्याचं गोडाऊन आहे आणि त्याच्या पोराचं लग्न गेल्या हिवाळ्यात बँड लावून झालं. ज्या वस्तीत चिंधीचा भाव सोन्याच्या भावासारखा रोज विचारला जातो, तिथे ‘टाकाऊ’ हा शब्द समजावून सांगायलाच अर्धा तास जातो.

उलट वेसू, सिटीलाइटकडच्या सोसायट्यांत हेच सांगितलं तर दुसऱ्या दिवशी टेबलावर बिस्किटांचे पत्र्याचे परदेशी डबे, अर्धे वापरलेले रंगांचे संच, एक चाक निखळलेली रिमोटची गाडी. पांडेसऱ्यात हा ऐवज टाकाऊ म्हणून आला असता तर त्यातून टिकाऊ काही करायची गरजच उरली नसती. डबा तसाच देव्हाऱ्याशेजारी गेला असता.

अरविंद गुप्तांनी या मंत्राला प्रतिष्ठा दिली हे मान्यच करायला हवं. आयआयटी कानपूरमधून निघालेला इंजिनिअर, ट्रकच्या कारखान्यातली नोकरी सोडून आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्यापासून त्रिकोण-चौकोन-घनाकृती करत बसला. पुढे पुण्यात आयुकामधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं हेच केलं आणि २०१८ मध्ये पद्मश्री मिळवली. त्यांच्या खेळण्यांचं मोठेपण असं, की ती खरोखरच कवडीमोल वस्तूंतून होतात. पण ती पाहून उत्साहाने पेटलेली मंडळी बाजारातून नवे कोरे कागदी कप विकत आणतात, त्यांना भोकं पाडतात आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून भिंतीवर टांगतात. टिकाऊ कप टाकाऊ करायची ही कला जास्त पसरली आहे.

तरी पांडेसऱ्यातली पोरं अगदीच काही आणत नाहीत असं नाही. एखादा साडीचं खोकं आणतो, वरून पारदर्शक खिडकी असलेलं. त्याचं घर होतं, टीव्ही होतो, गणपतीचं मखर होतं. एखादी मुलगी लेसचा तुकडा आणते. तुकडा म्हणते तो प्रत्यक्षात अख्खा गुंडाळा निघतो आणि तासाभरात तिची आई धापा टाकत वाचनालयात येते, कारण ती लेस शेठची असते आणि मीटरवर मोजून दिलेली असते. ग्रंथपालाला हे दृश्य ओळखीचं वाटतं. नोंद न करता बाहेर गेलेली वस्तू परत मिळवण्याची तगमग काय असते, हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळणार?

साहित्याची नावं हा आणखी एक गोंधळ. ताई म्हणतात कात्री. गुजराती पोर म्हणतं कातर. भोजपुरी बोलणारं म्हणतं कैंची. डिंक म्हटलं तर निम्मी मुलं लाडू शोधतात, गुंदर म्हटलं तर दुसरी निम्मी गप्प. शेवटी कुणीतरी ‘फेविकॉल’ म्हणतं आणि सगळ्यांचे हात एकदम पुढे येतात. १९५९ पासून मिळणाऱ्या या पांढऱ्या लगद्यामागचे बळवंतराय पारेख भावनगरकडच्या महुव्याचे. टेबलावर शेजारीच उंटाचं चित्र असलेली रंगपेटी, ती दांडेकरांच्या १९३१ मध्ये सुरू झालेल्या कॅम्लिनची. म्हणजे रंग मराठी माणसाचा आणि तो जागेवर चिकटवून ठेवणारा गुजराती. सुरतेतल्या मराठी संसाराचं याहून नेमकं चित्र कुणी काढलेलं नाही.

चित्रांवरून आठवलं. ‘मनाला येईल ते काढा’ असं सांगितल्यावर भारतातलं कुठलंही मूल एकच चित्र काढतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली आणि कागदाच्या कडेला न पोहोचलेली नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात चार-पाच उलट्या कंसांसारखे पक्षी. पांडेसऱ्यातल्या बहुतेक पोरांनी यातलं काहीच घराजवळ पाहिलेलं नसतं. त्यांच्या खिडकीतून दिसते ती चिमणी, आणि तीही उडत नाही, धूर सोडते. तरीही डोंगर दोनच येतात, कारण शाळेच्या भिंतीवर दोनच आहेत. एखादं पोर नदी तपकिरी रंगाने भरतं. ताई प्रेमाने सांगतात, नदी निळी असते बाळा. पोर म्हणतं, “आमच्याकडची काल मरून होती.” ताई पुढच्या टेबलाकडे वळतात.

पाठीमागे उभ्या असलेल्या एखाद्या मराठी बापाला मात्र नदीच्या रंगापेक्षा पुढची चिंता असते. त्याच्या लहानपणी गावाकडच्या शाळेत चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा. तांब्या, केळी आणि घडी घातलेला रुमाल समोर मांडून सावली द्यायची, की सरकार ग्रेड देतं. “याचं सर्टिफिकेट मिळतं ना?” तो विचारतो. मिळतं. ते दुसऱ्याच दिवशी लॅमिनेट होतं आणि रेशनकार्डाबरोबर एकाच पिशवीत जातं. चित्र घरी पोहोचेपर्यंत पावसाळा येतो.

सगळ्यात रंगतो तो ठशांचा दिवस. भेंडी आडवी कापली की फूल उमटतं, अर्ध्या बटाट्यावर नक्षी कोरली की बुट्टी. पुण्या-मुंबईच्या शिबिरात यावर मुलं आश्चर्याने चीत्कारतात. पांडेसऱ्यातली पोरं बारकाईने पाहतात. त्यांच्यातल्या कुणाचा बाप मिलच्या कलर किचनमध्ये असतो, तिथे रंग खरोखरच स्वयंपाकासारखे वजन करून, घोटून, चाखल्यासारखं बघून तयार होतात. कुणाचा काका रोटरी मशीनवर. अशा घरातलं आठ वर्षांचं पोर ताईंनी हौसेने उमटवलेल्या फुलाकडे पाहून तोंड वाकडं करतं. दुसरा रंग पहिल्याच्या बाहेर सरकलाय म्हणतं. हा माल सेकंडमध्ये जाईल. कला महाविद्यालयात चार वर्षं काढलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं, कारण पोराचं बरोबर असतं.

ठसे झाल्यावर भेंडीचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. रंग लागलेला भाग कापून बाकीची घरी नेता येईल का, असं विचारणारी मुलगी निघते. ताईंनी पाव किलो जास्तच आणलेली असते, ती त्या दिवसापासून रोज जास्तच आणतात.

वाचनालयात या सगळ्या काळात आणखी एक जमात बसलेली असते, तिला विसरून चालणार नाही. तलाठी, पोलीस भरती, क्लार्क अशा परीक्षांचे उमेदवार. सकाळी येऊन खुर्चीवर रुमाल टाकणारे, कानात बोळे घालून पाठ करणारे. मुलांच्या शिबिराविरुद्ध पहिली लेखी तक्रार यांची असते. दुसऱ्या आठवड्यात यांच्यापैकीच एक जण कागदी कंदिलाचा दोरा धरून उभा दिसतो, कारण समोरच्या चिमुरडीने “भैया, जरा पकडो ना” म्हटलेलं असतं आणि तिच्याकडे हातांची जोडी एकच असते. तिसऱ्या आठवड्यात तो कंदिलाची मापं काढून देतो. भूमितीचा हा प्रश्न पेपरात आला तर त्याला पैकीच्या पैकी.

वारली चित्रंही येतातच. ठाणे-पालघरच्या पाड्यांवरच्या या चित्रकलेला जिव्या सोमा म्हशे यांनी जगभर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर शिबिर कुठलंही असो, गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या त्रिकोणांची माणसं तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात. पांडेसऱ्यात मात्र एखाद्या कागदावर त्रिकोणांची माणसं फेर न धरता सरळ रांगेत उभी दिसतात. ही कुठं चालली, असं विचारलं तर पोर म्हणतं, पाळी बदलली ना.

आता हातांबद्दल. शिबिराच्या पत्रकावर लिहिलेलं असतं, की मुलांच्या हाताला वळण लागावं, बोटांना काम मिळावं. पांडेसऱ्यात हे वाक्य आयांना जरा कोड्यात टाकतं. इथे घरोघरी साड्यांवर टिकल्या, स्टोन, लेस लावायचं, धागे कापायचं काम नगावर चालतं. दुपारी साडी पसरली की आईबरोबर पोरगीही बसते. त्यामुळे ताई जेव्हा टिकल्यांचं फूल कसं करायचं ते सावकाश, टप्प्याटप्प्याने दाखवत असतात, तेव्हा कोपऱ्यातल्या एका मुलीची फुलं करून संपलेली असतात. एकसारखी, एका मापाची, ओळीने. बाकीच्यांनी एकेक केलेलं असतं, हिने कागद भरून टाकलेला असतो. ताई थक्क होऊन तिच्या बाजूला बसतात. मुलगी मान वर करून हळूच विचारते, “ताई, याना कितला पैसा भेटतीन?”

ताईंना काय उत्तर द्यावं सुचत नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत हाच प्रश्न रोज विचारला जातो, फक्त इंग्रजीत आणि वाइनच्या पेल्याआडून. तिथे त्याला कलेची जाण म्हणतात. इथे ताई घाईघाईने सांगतात, की हे पैशांसाठी नाही, हे तुझ्यासाठी, मजेसाठी. मुलगी विचार करते. मग नवा कागद घेते आणि पहिल्यांदाच टिकल्या वेड्यावाकड्या लावायला लागते. एक हिरवी, मग तीन लाल, मधेच उलटी. अशी साडी कुणी घेणार नाही, आणि ते तिला माहीत आहे. ती चार वेळा हसते.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन. संदर्भग्रंथांच्या कपाटांवर दोऱ्या बांधून कागदी मासे सोडलेले, विश्वकोशाच्या खंडांपुढे साडीच्या खोक्यांची वस्ती, देवघेवीच्या टेबलावर अमळनेरला गेलेल्या कुणाचा तरी अर्धा मोर, आणि ‘शांतता राखा’ ही पाटी एका भल्यामोठ्या फुलपाखराच्या पंखाआड गेलेली. ग्रंथपाल नव्या शर्टात. पाळीवरून परतलेले दोन-चार बाप डोळे चोळत आले आहेत, हातांवर मिलचा निळा अजून गेलेला नाही, म्हणून चित्रांना हात न लावता मागे हात बांधून बघतात. ताई एकेका आईला तिच्या मुलाचं काम दाखवतात.

टिकल्यावाल्या मुलीची आई वेडावाकडा कागद हातात घेते. जवळ नेते, लांब धरते. मग सवयीने उलटा करून मागची बाजू बघते, नखाने एक टिकली जरा खरवडते.

“गम जास्ती व्हयना,” ती पोरीला म्हणते. “शेठ पैसा कापी.”